शनिवारच्या टेबलाचे सोळा रुपये

गुरुवार, ३० जून १९९४. रोजबचत मार्गस्थ खाते, शिल्लक रुपये ४,१३८.००.

हा आकडा माझ्या अक्षरात आहे. आमच्या बँकेच्या शेवटच्या दिवशी, दुपारी पावणेचारला, मी तो खातेवहीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि शाई टिपून घेतली. त्यानंतर अर्ध्या तासाने मी एका छापील तक्त्यात एकच शब्द लिहिला, आणि त्या शब्दापायी एका बाईची अब्रू जाता जाता राहिली. राहिली ती माझ्यामुळे नव्हे. तिने ती कशी राखली ते लिहून ठेवायचे आहे. येत्या ३० सप्टेंबरला मी निवृत्त होतो आहे आणि माझ्यानंतर हे सांगणारे या इमारतीत कोणी उरणार नाही.

आधी बँकेविषयी. बँक जुनी. कापडाचे चार व्यापारी आणि गणिताचे एक मास्तर यांनी ती धान्याच्या रिकाम्या वखारीत सुरू केली, तेव्हा तिच्याकडे एक तिजोरी, दोन टेबले आणि तीन खुर्च्या होत्या. पाचही जण एकदम आले तर दोघांनी उभे राहायचे. पुढे दगडी इमारत झाली, पितळी जाळीचे काउंटर झाले. साठाव्या वर्षी तिने शेजारची विणकरांची एक छोटी बँक पोटात घेतली. तिच्या नव्वदाव्या वर्षी मी बी.कॉम. होऊन कारकून म्हणून चिकटलो. १९९४ साली आमच्या बँकेलाच एका मोठ्या बँकेने पोटात घेतले, २००८ साली त्या मोठ्या बँकेला तिच्याहून मोठीने, आणि आता ही चौथी वेळ. दर वेळी दारावरची पाटी बदलते. जुन्या पाटीची भोके कोणी बुजवत नाही, नवी पाटी तेवढी मोठी करतात. आमची पाटी आता खिडकीला जाऊन टेकली आहे. आणखी एक विलीनीकरण झाले तर उजेड बंद होईल.

विणकरांच्या त्या छोट्या बँकेबरोबर आमच्याकडे दोन गोष्टी आल्या. एक, रोजबचत योजना. वसुली करणारा माणूस रोज दुकानोदुकानी फिरून दोन, चार, पाच, दहा रुपये घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या हिरव्या कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा आणि सही करायचा. तोच आकडा स्वतःजवळच्या पत्रकातही उतरवायचा. दुसरी गोष्ट, शनिवारचे टेबल. गोळा झालेली रोख रोजच्या रोज बँकेत भरली जाई, पण एकाच पावतीवर, एकगठ्ठा. ती 'रोजबचत मार्गस्थ' नावाच्या खात्यात जमा होई, आणि शनिवारी, कोपऱ्यातल्या एका वेगळ्या टेबलावर, आठवड्याचे आकडे ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवले जात. विणकर आठवड्याला हिशेब करत, म्हणून त्यांच्या बँकेची तशी रीत. आमच्या बँकेत बाकी सगळे त्याच दिवशी नोंदले जायचे, पण ही रीत कोणी मोडली नाही आणि नियमावलीत लिहिलीही नाही. सोमवार ते शुक्रवारची रक्कम 'नोंदायची राहिली' असे आमच्यात कोणी म्हणत नसे. ती राहिलेली नसायचीच. ती शनिवारची असायची.

आता बाई. बँकेत त्यांना वसुलीबाई म्हणत, बाजारपेठेत ताई. मूळचे वसुलीदार त्यांचे यजमान. अकरा वर्षे त्यांनी ती पिशवी वागवली. मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. बाई दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन शाखेत हजर. तेव्हाच्या मॅनेजरांना म्हणाल्या, "आठ दिवस मी करते, तोवर हे उठतील." शिक्षण सातवीपर्यंत. आठ दिवसांची अठरा वर्षे झाली. यजमान उठले नाहीत, पण खाटेवर बसून डाव्या हाताने रोज पत्रकाची बेरीज तपासायला शिकले. बाई आकडे आणायच्या, ते पडताळायचे. मी त्यांच्या पावत्यांवर सात वर्षे सही केली, त्यात बेरजेची चूक एकदाच सापडली. ती माझी होती.

बाई बुटक्या, चालणे झपाझप. बोलणे असे की समोरच्याला दोन रुपये काढून देणे स्वस्त वाटावे. न्हावी म्हणायचा, "ताई, आज गिऱ्हाईक नाही." त्या म्हणायच्या, "खुर्चीवर बसा, मी गिऱ्हाईक आणते. पण आधी दोन रुपये." शिंपीणबाई म्हणायच्या, "उद्या दोन दिवसांचे एकदम देते." त्यावर, "उद्या दोनदा जेवाल, म्हणून आज उपाशी राहता का?" दोनशे बारा कार्डे होती त्यांच्याकडे.

आता तो तक्ता. मोठ्या बँकेने सगळ्या शाखांना विलीनीकरणाचा छापील नमुना पाठवला होता, सत्तेचाळीस रकान्यांचा. एकतिसावा रकाना असा: 'खातेदारांच्या खात्यावर न नोंदलेल्या रकमा.' मी तेव्हा सहायक लेखापाल. सकाळपासून जुन्या बँकेचे रबरी शिक्के ब्लेडने कापत होतो, सदतीस शिक्के, मोजून पिशवीत भरून वर पाठवायचे होते. बोटे काळी झाली होती. सव्वाचारला तक्ता पुढ्यात घेतला. एकतिसाव्या रकान्यात लिहिले, 'निरंक'. त्या क्षणी शनिवारचे टेबल मला आठवलेच नाही असे मी म्हणणार नाही. आठवले, आणि ते या रकान्यात बसते असे वाटले नाही. नव्वद वर्षे जुन्या बँकेतल्या माणसालाच ही चूक जमू शकते. खाली सही केली.

शुक्रवारी नवी बँक सुरू झाली. रोजबचत योजना त्याच दिवसापासून बंद, असे परिपत्रक आले. शनिवारचे टेबल उचलून मागच्या खोलीत नेले आणि त्यावर पाण्याचे पिंप ठेवले. सगळ्यांची शिल्लक नव्या पासबुकांत उतरवली, २५ जूनच्या शनिवारपर्यंतची. त्यानंतरचे चार दिवस कोणाच्याच पासबुकात नव्हते. मार्गस्थ खात्यातले चार हजार एकशे अडतीस रुपये नव्या बँकेने आपल्या किरकोळ उत्पन्नात घेतले, कारण ते कोणाचे असल्याचे तक्त्यात कुठेच लिहिले नव्हते.

सोमवारी, ४ जुलैला, बाई काउंटरवर आल्या. हातात न्हाव्याचे नवे पासबुक आणि जुने हिरवे कार्ड.

"साहेब, हे काय आहे?"

"पासबुक."

"ते मलाही दिसतंय. ह्याचे सोमवार ते गुरुवार कुठं आहेत?"

मी पासबुक पाहिले, कार्ड पाहिले. म्हणालो, "बघतो, चढायचं राहिलं असेल."

"एकाचं राहिलं असेल तर चूक. मी सकाळपासून एकोणीस पासबुकं बघितली. सगळ्यांचं राहिलंय. न्हावी मला काय म्हणाला माहितेय? म्हणाला, 'ताई, चपला नव्या दिसतात, चार दिवसांच्या कमाईच्या की काय?'" त्यांनी पाय वर करून दाखवला. चप्पल जुनीच होती, तळ नवा लावलेला. "अठरा वर्षं ह्या माणसाच्या दुकानासमोर उभी राहिले. चार दिवसांत मी चोर?"

ही खरी गोष्ट होती. रक्कम मोठी नव्हती. सगळ्यात लहान कार्ड आठ रुपयांचे, मोठे चाळीसचे. पण पैसे घेतलेला हात लोकांनी एकच पाहिला होता, बाईंचा. बँक त्यांच्या दुकानात कधी गेलीच नव्हती.

त्याच आठवड्यात विभागीय साहेब आले, मोठ्या बँकेचे. गोरे, घडीचा रुमाल, आवाज मऊ. वसुलीदारांची पंधराशे रुपयांची अनामत परत करायची होती आणि त्यासाठी त्यांच्याकडून एक मुक्तिपत्र लिहून घ्यायचे होते. त्यात छापले होते, 'मी गोळा केलेल्या सर्व रकमा खातेदारांच्या खात्यावर पूर्णपणे जमा झाल्या असून त्याबाबत बँकेकडे कोणतेही देणे शिल्लक नाही.'

बाईंनी ते बोट फिरवत वाचले. "हे खोटं आहे."

"ताई, ही औपचारिकता असते."

"मग तुम्ही करा सही."

साहेब हसले. "हे पाहा, चार दिवसांचं म्हणता ना? आपण असं करू. ती रक्कम तुमच्या अनामतीतून वळती करू, राहील ती हप्त्यानं भरा. लोकांना वाटून टाका. प्रकरण मिटेल. कोणी विचारणार नाही की ती गेली कुठं."

"मला विचारा ना कुठं गेली. मी सांगते. ह्या काउंटरवर गेली. चार पावत्या आहेत माझ्याकडे, शिक्क्याच्या."

"पावत्या एकगठ्ठा आहेत. त्यात कोणाचं नाव नाही. आणि शाखेनं आम्हाला लेखी दिलंय," साहेबांनी फाइलमधून तक्ता काढून टेबलावर पसरला, "की न नोंदलेली रक्कम निरंक. म्हणजे एक तर शाखा खोटं बोलते, नाही तर..." पुढचे त्यांनी रुमालात पुसले.

"नाही तर मी खाल्ले," बाई म्हणाल्या. "बोला की. चार हजार खाल्ल्यावर अशी दिसले असते होय मी?"

शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. बाईंची नजर मात्र तक्त्यावर होती. माझ्या हाताचा 'क' त्यांनी सात वर्षे पावत्यांवर पाहिला होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. बाहेर पडताना माझ्या टेबलाशी थांबल्या. "साहेब, अक्षर छान आहे तुमचं. पहिल्यापासूनच."

ते वाक्य मी घरी घेऊन गेलो. बायकोने दोनदा विचारले, काय झाले. मी सांगितले. ती म्हणाली, "बढतीची यादी कधी लागणार?" मी म्हणालो, ऑक्टोबरात. आमच्या दोघांच्या मनात एकच हिशेब चालला होता आणि तो दोघांनाही जमत होता.

रविवारी दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीखाली यजमानांची खाट. खाटेवर पत्रके पसरलेली, त्यांच्यावर वजनाला एक अडकित्ता. यजमानांनी मला पाहून डावा हात उचलला आणि पुन्हा बेरजेला लागले. मी खिशातून पाकीट काढले. पतपेढीतून उचल घेतली होती. म्हणालो, "चार हजार एकशे अडतीस आहेत. लोकांना देऊन टाका. चूक माझी आहे."

यजमान थांबले. "घे," ते बायकोला म्हणाले. जीभ जड होती त्यांची, पण शब्द कळत. "घे आणि मिटव. बाजारात तोंड दाखवायचंय."

"तोंड दाखवायचंय म्हणूनच नाही घेत," बाई म्हणाल्या. "अहो, विचार करा. उद्या मी दुकानोदुकानी पैसे वाटत सुटले तर लोक काय म्हणतील? बाईनं खाल्ले होते, साहेबानं झाकले. आज मी एकटी चोर आहे, उद्या आपण दोघं होऊ. आणि बँक? ती तर सोवळीच राहिली!" माझ्याकडे वळल्या. "पाकीट आत ठेवा. मी पैसे बँकेसाठी घेतले. बँकच देईल. त्याच काउंटरवर, ज्याच्या त्याच्या हातात, सगळ्यांसमोर."

"ते देणार नाहीत, बाई."

"तुमच्या नव्या बँकेनं भिंतीवर पाटी लावलीय. वाचलीत?"

मी वाचली नव्हती. म्हणजे लावली मीच होती, स्टुलावर चढून. बाईंना ती पाठ होती. 'प्रत्येक लेखी तक्रारीस क्रमांकित पोच व पंधरा दिवसांत लेखी उत्तर दिले जाईल.'

मंगळवारपासून त्या सुरू झाल्या. रोज पाच माणसे. शाळेत मुलांना रांगेत नेतात तशा त्या आणायच्या. पहिल्या दिवशी न्हावी, शिंपीणबाई, चहावाला, चावीवाला आणि कोपऱ्यावर चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा. प्रत्येकाच्या हातात अर्ज, यजमानांच्या वाकड्या डाव्या अक्षरात. 'माझे रुपये वीस नोंदायचे राहिले आहेत. कार्ड सोबत दाखवत आहे.' न्हावी आधी यायला तयार नव्हता. त्याला बाई म्हणाल्या होत्या, "मला चोर म्हणालास ना? मग चल, चोर धरायला." तो आला, आणि मॅनेजरांच्या केबिनबाहेर बाकावर बसून, आठ रुपयांपायी आज आपल्या दोन दाढ्या बुडाल्या, हे मोठ्याने सांगत राहिला.

आवक टेबल माझ्याकडे होते. प्रत्येक अर्जाला क्रमांक, प्रत्येकाला पोच. ऑगस्टअखेरपर्यंत दोनशे बारा अर्ज झाले. आवक नोंदवही संपली, नवी मागवली. विभागीय कार्यालयाने सगळ्यांसाठी उत्तराचा एकच मजकूर पाठवला: 'शाखेच्या नोंदींनुसार आपली कोणतीही रक्कम नोंदण्याची राहिलेली नाही.' खाली सही, सहायक लेखापाल.

मी दोनशे बारा सह्या केल्या. हे लिहायला नको वाटते, पण केल्या.

मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे. कागद, टंकलेखन, पाकीट, टपाल आणि शिपायाचा वेळ धरून एका उत्तराचा खर्च मी अकरा रुपये काढला. आठ रुपये नाकारायला अकरा रुपये. पहिल्या फेरीचे २,३३२ झाले. उत्तरे पोचली आणि दुसऱ्याच सोमवारी बाई पुन्हा पाच माणसे घेऊन दारात. उत्तर मान्य नाही, हा दुसरा अर्ज. पाटीवर कितव्या अर्जाला उत्तर देणार ते लिहिलेले नव्हते. दुसरी फेरी पूर्ण झाली असती तर एकूण खर्च ४,६६४ रुपये, मूळ रकमेहून ५२६ रुपये जास्त. हे मी साहेबांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे." बाईंना सांगितले. त्याही म्हणाल्या, "तत्त्वाचाच प्रश्न आहे. फक्त त्यांना तत्त्व परवडतं म्हणून ते मऊ बोलतात."

दुसऱ्या फेरीत शिंपीणबाईंनी पहिले उत्तर काउंटरवर उलगडून ठेवले. त्यांना वाचता येत नव्हते. सहीवर बोट ठेवून विचारले, "दादा, ही सही तुमचीच ना? मुलगा म्हणाला, बँकेनं नाही म्हटलंय. पण गुरुवारी ताईंनी तुमच्याकडेच पैसे भरले ना? मी पाहिलं होतं. मी त्या दिवशी इथंच होते, काजं-बटणाच्या बिलाचा चेक घेऊन."

मी म्हणालो, "हो."

"काय हो? सही तुमची, का पैसे तुमच्याकडे भरले?"

"दोन्ही."

त्या काही चिडल्या नाहीत. "मग?" एवढेच म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालत उभ्या राहिल्या. मागे चारजण, त्यांच्या मागे बाई. बाई छताकडे बघत होत्या. त्यांनी तोवर एकदाही माझे नाव कोणाला सांगितले नव्हते, न्हाव्यालासुद्धा. सांगितले असते तर त्यांची सुटका त्याच दिवशी झाली असती आणि बाजारपेठेने माझी दाढी बिनपाण्याने केली असती.

मी दुसऱ्या फेरीचे उत्तर लिहायला घेतले नाही. दुसरा कागद घेतला. १२ सप्टेंबर १९९४. 'विलीनीकरण तक्त्यातील रकाना ३१ मधील "निरंक" ही नोंद चुकीची असून ती माझी आहे. प्रत्यक्ष रक्कम रुपये ४,१३८.००. ती दोनशे बारा खातेदारांची असून तपशील वसुलीदाराच्या पत्रकात आहे. पत्रक मी कार्डांशी ताडून पाहिले आहे.' तीन प्रती काढल्या. एक विभागाला, एक मुख्य कार्यालयाला, एक बाईंना. बाईंनी ती घरी नेऊन यजमानांना दिली. त्यांनी आकडा तपासला म्हणे, आणि मग मान हलवली.

साहेबांचा फोन आला. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही स्वतःच्या पायावर काय मारून घेताय?"

"हो साहेब. मोजून."

ऑक्टोबरची यादी लागली, माझे नाव नव्हते. पुढची यादी तीन वर्षांनी आली. मधल्या काळात ताकीदपत्र आले, बदली झाली, आणि घरातला फ्रिज चार वर्षे उशिरा आला. बायको अजून उन्हाळ्यात पाणी ओतताना म्हणते, "हे निरंकचं पाणी." पण ते नंतरचे.

नोव्हेंबरात मंजुरी आली. रक्कम शाखेतच वाटायची, कार्ड दाखवून. बाईंनी अट घातली की मागच्या खोलीतले शनिवारचे टेबल बाहेर काढा. पिंप उतरवले, टेबल पुसले, काउंटरसमोर मधोमध मांडले. दोन शनिवार वाटप चालले. बाई नाव आणि आकडा मोठ्याने वाचायच्या, कॅशियर मोजून द्यायचा, घेणारा सही नाही तर अंगठा द्यायचा. यजमानांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणले होते. ते डाव्या हाताने एकेक ओळ खोडत गेले. न्हाव्याने आपले आठ रुपये घेतले आणि म्हणाला, "ताई, आता खरंच नव्या चपला घ्या, मी देतो पैसे." बाई म्हणाल्या, "आठ रुपयांत एक चप्पल येते. दुसरी तुझ्या पोटात घालू?" सगळी शाखा हसली. तो त्यांच्यासमोर कान पकडून उभा राहिला, तेव्हा मात्र त्या तोंड फिरवून पत्रक चाळत बसल्या.

दोनशे अकरा लोकांनी पैसे नेले. एक आला नाही. धार लावणारा. अर्ज त्याने दोनदा दिला होता, आणि ऑक्टोबरात कधीतरी चाक खांद्यावर टाकून गेला, कुठे ते कोणाला माहीत नव्हते. रोजचे चार, चार दिवसांचे सोळा रुपये. कार्ड क्रमांक १४७.

साहेबांनी कळवले, सोळा रुपये उत्पन्नात घ्या आणि प्रकरण बंद करा, बाईंकडून मुक्तिपत्र घ्या. बाईंनी मुक्तिपत्रातला 'कोणतेही' हा शब्द खोडला आणि वर लिहिले, 'एक सोडून'. आठ महिने अनामत अडकली. त्या काळात त्यांनी त्याच पेठेत सुया, दोरे, बटणे यांचे फळीएवढे दुकान टाकले, शिंपीणबाईंच्या ओट्यावर. शेवटी विभागाने खोडलेलेच मुक्तिपत्र घेतले आणि पंधराशे रुपये दिले.

पुढे माझ्या पाच बदल्या झाल्या. २००८ साली दुसरी मोठी बँक आली तेव्हा मी इथे नव्हतो, पण बाई होत्या. नव्या मॅनेजरांपुढे जाऊन त्यांनी विचारले, "माझ्या धारवाल्याचे सोळा रुपये तुमच्याकडे आले का?" त्यांनी बाईंना खुळ्यात काढले. बाईंनी अर्ज दिला, पोच घेतली. दर जूनला एक अर्ज, एक पोच. यजमान गेले, त्या वर्षीही दिला. मी चार वर्षांपूर्वी शाखाधिकारी होऊन परत आलो तेव्हा कपाटात त्यांची एक अख्खी फाइल होती, आणि फाइलीवर कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, 'त्रासदायक वृद्धा'. ते मी खोडले. पैसे काढून द्यायचा प्रयत्न मीही केला. मुख्य कार्यालयाने कळवले की जुन्या बँकेचे ते खातेच नव्या प्रणालीत नाही, आणि शंभर रुपयांखालच्या रकमांचा शोध घेतला जात नाही.

या महिन्यात त्या आल्या. शहात्तर वय, हातात काठी, चालणे मंदावलेले, बोलणे नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, टोकन घ्या आणि बसा."

"टोकन कशाला? एकतीस वर्षं नंबर लावून उभी आहे."

मी केबिनमध्ये बोलावले. चहा मागवला. म्हणालो, "बाई, मी तीस तारखेला चाललो. सोळा रुपये माझ्याकडून घ्या, पेठेत कोणाला तरी देऊ त्याच्या नावाने."

"पुन्हा पाकीट?" त्या म्हणाल्या. "तुमचे केस गेले, खोड नाही गेली. तुम्ही दिलेत तर ते तुमचे सोळा. त्याचे बँकेकडेच राहिले की."

"तो आता येणार आहे का, बाई?"

"न का येईना. तो आला नाही म्हणून पैसे त्यांचे होतात का?" चहा बशीत ओतला, प्यायल्या. "तुमची बँक परत पोटात जाणार म्हणे कोणाच्या. तक्ता आला असेल."

तक्ता आला होता. आता तो पडद्यावर भरायचा असतो, रकाने एकसष्ट. 'न नोंदलेल्या रकमा' आता चव्वेचाळिसाव्या रकान्यात आहेत. मी बाईंसमोरच तो उघडला आणि भरला. मुख्य कार्यालयाने तो दोनदा परत पाठवला. पहिल्यांदा शेरा होता, 'प्रणालीशी जुळत नाही, निरंक करा.' दुसऱ्यांदा एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. "सर, सोळा रुपयांसाठी सगळ्या विभागाचं विलीनीकरण अडलंय."

मी म्हणालो, "मग सोळा रुपये द्या."

"कोणाला देणार, सर? माणूसच नाही."

"माणूस नाही, म्हणून देणं नाही, असं मला लेखी द्या. तुमच्या सहीनं. मी आयुष्यात एकदा असं लेखी दिलंय, त्याला काय लागतं ते मला माहीत आहे."

त्याने लेखी दिलेले नाही. तिसऱ्यांदा मी तक्ता तसाच पाठवला आहे. माझ्या जागी येणाऱ्या शाखाधिकाऱ्यांच्या कार्यभार पत्रातही तीच ओळ आहे आणि त्यांनी ती वाचून सही केली आहे. ओळ अशी:

न नोंदलेल्या रकमा: एक. कार्ड क्रमांक १४७, धार लावणारा, कालावधी २७ ते ३० जून १९९४. रुपये सोळा. व्याज धरलेले नाही. देणे बाकी.